गळ्याइतकं पाणी

चैत्रातल्या उन्हात पत्र्याच्या शाळेत सगळा चर बोगादह जमला होता आणि अजून कुणी कुणाचं ऐकलं नव्हतं. पुरुष पुढं चटयांवर, बायका मागं भिंतीला टेकून. चर म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या मधोमधलं वाळूचं बेट. आषाढ लागला की पाणी अंगणात येणार हे ठरलेलं. यंदा एका संस्थेनं घरांची जोती माती भरून उंच करून द्यायचं कबूल केलं होतं. माती इथलीच, हात इथलेच, मजुरी तेवढी संस्थेची. फक्त किती उंच ते गावानं ठरवायचं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

"लक्ष्य तुमचं तुम्ही ठरवा," संस्थेच्या फेरदौसी आपा घसा बसेपर्यंत सांगत होत्या. "मी ठरवून गेले तर पुढच्या वर्षी मलाच शिव्या घालाल."

"शिव्या आत्ताही घातल्या असत्या, आपा," मागून मोयना म्हणाली, "पण तुम्ही बिस्किटं आणलीत."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मोयना बेटाच्या वरच्या टोकाला राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चार शेळ्या आणि जिभेला हाड नाही, एवढीच तिची इस्टेट.

"पण लक्ष्य म्हणजे नेमकं काय हो?" खालच्या टोकाच्या हाशेमनं विचारलं. "ढगात बाण मारायचा का?"

"कुठल्या पुराला पुरून उरायचं, ते म्हणजे लक्ष्य," आपा म्हणाल्या. "दरसालच्या? की मोठ्या?"

"करायचं तर मोठ्यालाच. अठ्ठ्याऐंशीच्या."

हे कोण बोललं ते कळलं नाही, पण सगळ्यांच्या माना आकबर मातब्बरांकडे वळल्या. म्हातारा या वस्तीचा प्रमुख. तंटे त्यानं मिटवायचे, लग्नात पहिला घास त्यानं घ्यायचा. डोळ्यांत मोतीबिंदू दाटून आता उजेड-सावलीपलीकडं काही दिसत नव्हतं. अठ्ठ्याऐंशीच्या पुरात स्वतःच्या अंगणात पाण्यात उभं राहून त्यानं घराच्या मधल्या मेढीवर कोयत्यानं खूण केली होती. ते गाव नदीनं केव्हाच गिळलं. त्यानंतर कडा ढासळली की घर मोडायचं, पत्रे नि मेढी नावेत घालायच्या आणि दिसेल त्या नव्या बेटावर जाऊन परत उभं करायचं, असं किती वेळा झालं. पत्रे बदलले, भिंती बदलल्या. साल लाकडाची ती काळी मेढ मात्र तीच होती, तिच्यावरची खूणही तीच.

"पलीकडच्या घाटावरच्या पाणी मोजायच्या पट्टीचा आकडा माझ्याकडं आहे," आपा म्हणाल्या, "पण तुमचं बेट कालचं पोर. घाटावर इतकं म्हणजे तुमच्या अंगणात किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. त्यापेक्षा ती खूण बघू."

सभा उठून मातब्बरांच्या घराकडं निघाली. मातब्बरांची सून मोर्जिना सगळ्यांच्या आधी धावत सुटली, कारण अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि मेढीला शेफालीचे कपडे टांगलेले होते. शेफाली तिची थोरली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पाचव्या महिन्यातच नावेतून आली होती. पोरीची सासू धाडायलाच तयार नव्हती. तुमच्या चरावर पाणी येतं म्हणे, म्हणाली. यंदा आमचं जोतं माणसाएवढं उंच होणार आहे, असं मोर्जिनानं तिला अल्लाची शपथ घेऊन सांगितलं होतं. हे जोतं झालं नाही तर काय, हा विचार ती मनाला शिवूसुद्धा देत नव्हती.

घरात माणसं मावेनात. तिच्या नवऱ्यानं, तोफाज्जलनं, बापाला हाताला धरून मेढीशी आणलं. म्हाताऱ्याची छाती जरा पुढं आली होती.

"अंगणात ताठ उभा होतो मी," तो म्हणाला. "पाणी इथं." त्यानं हात गळ्याला लावला. "बोलायला तोंड उघडलं की पाणी आत."

मग तोच हात गळ्याच्या उंचीला मेढीवर फिरू लागला. लाकूड गुळगुळीत. बोटं डावीकडं गेली, उजवीकडं गेली, मेढीला वळसा घालून परत आली. तोफाज्जलनं बापाचं मनगट धरलं आणि खाली आणलं. अजून खाली आणलं. बेंबीच्या जरा वर बोटं खाचेत पडली.

"मातब्बर चाचा," हाशेम म्हणाला, "तुमचा गळा पोटापाशी कधी आला?"

घर हसण्यानं दणाणलं. तोफाज्जलसुद्धा ओठ दाबून हसला. म्हातारा हसला नाही. दोन तिरपे घाव आणि खाली एक आडवा. त्याची बोटं परत परत तेच चाचपत होती.

"खूण हीच आहे," शेवटी तो म्हणाला.

"मग झालं तर. गोष्टीतलं पाणी दरसाल चढतंच, चाचा. त्यात तुमचा काय दोष?"

आपा हसल्या नव्हत्या. "खुणेपर्यंत पाणी, त्यावर एक वीत जास्त धरू," त्या म्हणाल्या. त्या मापाचा बांबू तिथल्या तिथं कापला. तोच बांबू प्रत्येक अंगणात उभा करायचा आणि त्याच्या टोकापर्यंत माती चढवायची. कुणाचं आधी यावर जुंपणार तोच म्हातारा म्हणाला, "वरच्या टोकापासून सुरू करा. माझं शेवटी." एवढं हसं झाल्यावर मान ठेवायला त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. शेवटी म्हणजे कदाचित पाण्यानंतरच, हे मोर्जिनाला कळलं. पण सासऱ्याच्या तोंडून शब्द गेला होता, तो तिला कसा मागं घेता येणार?

दुसऱ्या दिवसापासून मातीकाम सुरू झालं. सकाळी पाण्यातला शिळा भात, कांदा आणि भाजलेली मिरची पोटात ढकलून बायका निघायच्या. पुरुष खड्ड्यात कुदळी चालवायचे, बायका पाट्या वाहायच्या. ओली माती पाटीत दिसते थोडी, पण डोक्यावर घेतली की कमरेपर्यंत उतरते. जुन्या लुंगीची चुंबळ दुपारपर्यंत घामानं भिजून चपटी व्हायची. वारा सुटला की वाळू दातांत कचकचायची, डोळ्यांत जायची. पदर सावरायला हात मोकळा नाही, म्हणून बायका पदराचं टोक दातांत धरूनच चढ चढायच्या. मोर्जिनाच्या मानेत पहिल्याच आठवड्यात एक शीर धरली ती सुटलीच नाही. पण हात चालत होते, कारण वरची कामं लवकर उरकली तरच शेवटचं घर पाण्याच्या आधी होणार होतं. इतर बायका दोन खेपांमध्ये पान खायला बसायच्या, ही उभ्या उभ्या पाणी प्यायची.

"हळू गं बाई," मोयना म्हणायची. "माझ्या जोत्यावर मरशील आणि भूत होऊन माझ्याच उरावर बसशील."

"तुझ्या उरावर जागा आहे का? तिथं शेळ्या बसलेल्या असतात."

"शेळ्या परवडल्या. त्या उत्तर देत नाहीत."

मोयनाचं जोतं भरून झालं, धुमसानं चोपून झालं. आता उतरवलेलं घर वर उभं करायचं. हाशेम सुतारकाम जाणणारा, करवत घेऊन आला. मेढी जमिनीतून उपटल्या तेव्हा सगळ्यांची बुडं कुजून काळी पडली होती, नखानं टोकरलं तरी भुगा निघत होता. हे काही नवीन नव्हतं. घर हललं की मेढीचं कुजकं बूड कापून टाकायचं, चांगलं लाकूड खड्ड्यात घालायचं, ही चरावरची जुनी रीत.

"मोर्जिना भाबी, या हिच्यावर बसा जरा," हाशेमनं हाक मारली. "हलतेय फार."

ती मेढीवर बसली. करवत चालू झाली. खालून लाकूड थरथरत होतं, भुगा तिच्या पायांच्या बोटांवर पडत होता. वीतभर तुकडा निसटून वाळूत पडला तशी ती ताडकन उठली.

"काय झालं? मुंगी चावली?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पाटी उचलून खड्ड्याकडं चालू लागली. पाय चालत होते, पण डोळ्यांपुढं घरातली ती काळी मेढ आडवी पडली होती. तिच्यावरही ती अशीच बसली होती. नवी नवरी असताना पहिल्यांदा, हसू येत होतं म्हणून सासूचा ओरडा खाल्ला होता. मग शेफाली पोटात असताना. मग आणखी एकदा, आणखी एकदा. दर वेळी तोफाज्जल करवत चालवायचा आणि दर वेळी चार बोटं, कधी जास्तच, लाकूड कापलं जायचं. मेढ परत तितकीच खोल पुरायची. आणि खूण? खूण तेवढी जमिनीकडं सरकायची. सासऱ्याचा गळा पोटापाशी आला नव्हता. खूणच पोटापाशी आली होती.

दुपारी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. तोफाज्जल खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसून भात कालवत होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

"कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"बोलू नकोस."

"अहो, पण पाणी आलं तर सगळ्यांच्या..."

"पाणी!" तो दबक्या आवाजात ओरडला. "तसलं पाणी माझ्या जन्मात परत आलेलं नाही. उंची वाढवायची म्हणाले की झालेल्या घरांवर परत माती चढवणार. शेवटी कोण उरणार? आपण. शेफालीला काय झाडावर बसवणार आहेस बाळंत व्हायला?"

तो म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती.

"आपलं होऊ दे," तोच पुढं म्हणाला. "मग मी आणि तू मिळून आपल्यापुरती दीड हात माती चढवू. कुणाला कळणार आहे?"

"कळणार नाही? सगळ्यांच्या डोक्यावर आपलं अंगण दिसेल."

"तर दिसू दे," तोफाज्जल म्हणाला आणि उरलेला भात कुत्र्यापुढं टाकून उठला. अन्न टाकणारा माणूस नव्हता तो.

वैशाखात वादळं सुरू झाली. दुपारी आभाळ काळंनिळं व्हायचं, पत्रे फडफडायचे, तासाभरात खड्डे पाण्यानं भरायचे आणि काम अडायचं. वरच्या टोकाची घरं एकेक करून जोत्यावर चढत होती. वर बसलेल्या बायका खाली बघून हाका मारायला लागल्या होत्या. मोर्जिना एकेक जोतं वर जाताना बघायची. प्रत्येक नव्या जोत्यागणिक तिला सांगणं जास्त जड होत होतं. रात्री शेफाली कुशीवर वळताना कण्हायची आणि मोर्जिना मनाशी म्हणायची, नाही सांगायचं. सकाळी मोयनाच्या म्हाताऱ्या आईला जोत्यावर उन्हात बसलेलं बघितलं की वाटायचं, सांगायलाच हवं.

एका संध्याकाळी ती सासऱ्याच्या अंगावर पाणी घालत होती. म्हाताऱ्यानं तिचा लोटा धरलेला हात चाचपून पकडला आणि स्वतःच्या गळ्याशी नेला.

"इथं होतं," तो म्हणाला. "माझे डोळे गेलेत, सुनबाई. गळा कुठं जाईल?"

मोर्जिनाला रडूच फुटलं. हुंदक्यांतूनच तिनं सांगून टाकलं, मेढ कशी कापली, किती वेळा कापली, करवत कुणी धरली आणि वर कोण बसलं. म्हातारा ओल्या अंगानं तसाच बसून राहिला. दाढीतून पाणी ठिबकत होतं.

"माझ्या समोरच कापत होते की," तो म्हणाला. "मीच सांगायचो, कुजकं कापा, कुजकं कापा."

"तुम्ही लोकांना सांगा ना, आब्बा. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"त्या दिवशी मी गळा म्हणालो तेव्हा हसले सगळे. माझा पोरगासुद्धा हसला. डोळ्यांनी दिसत नाही, पण हसलेलं ऐकू येतं मला." त्यानं तिचा हात सोडला. "मी नाही बोलणार. आणि तुला बोल असंही नाही म्हणणार, गप्प बस असंही नाही. पोर तुझी आहे."

असा डाव तिच्यावर टाकून म्हातारा मोकळा झाला. मोर्जिनाला त्याचा राग आला, खूप राग आला, पण तरी तिनं त्याचं अंग नीट पुसलं आणि कोरडी लुंगी आणून दिली.

शुक्रवारच्या नमाजानंतर आपा खालच्या टोकाची आखणी करायला आल्या. नदी जरा फुगली होती, पाण्याला गढूळ रंग आला होता. मातब्बरांच्या अंगणात बांबू उभा केला. तोफाज्जल कुदळ घेऊन तयार. वस्तीची निम्मीअधिक माणसं जमलेली, कारण मातब्बरांच्या घराची पहिली पाटी म्हणजे गूळ-मुरमुरे वाटले जाणार. शेफाली दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. पोट आता इतकं पुढं आलं होतं की तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते.

आता सांगितलं नाही तर कधीच नाही, हे मोर्जिनाला कळत होतं. तिच्या हातात मुरमुऱ्यांचं सूप होतं. ते तिनं मोयनाच्या हातात दिलं आणि घरात जाऊन सासऱ्याला हाताला धरून बाहेर आणलं.

"आब्बा, इथं उभे राहा. ताठ."

"काय चाललंय तुझं?" तोफाज्जल म्हणाला.

"पाणी कुठं होतं ते परत दाखवा."

म्हाताऱ्याचा हात वर गेला, गळ्याशी थांबला. बांबू त्याच्या शेजारीच उभा होता. बांबूचं टोक त्याच्या बगलेपाशी संपत होतं.

कुणी हसलं नाही. आपा दोन पावलं पुढं आल्या.

"मेढ कापलेली आहे," मोर्जिना म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटत होता. "जेवढ्या वेळा घर हललं तेवढ्या वेळा बूड कापलं. मीच वर बसायचे. खूण खाली आलीय, पाणी नाही. हा बांबू एक वीत जास्त धरूनही आब्बांच्या गळ्याला पोचत नाही. आता ते वाकलेत, तरीही पोचत नाही."

मग हाशेम खाली बघत म्हणाला, "एकदा मीही कापलीय ती. मागच्या बेटावरून निघालो तेव्हा." आणि मग एकेकाला आठवायला लागलं. ज्यानं त्यानं आपल्या घरी तेच केलेलं होतं. मेढी सगळ्यांनीच कापल्या होत्या, पण त्या दिवशी खुणेकडं बघताना बुडाकडं कुणीच बघितलं नव्हतं.

आपांनी कपाळाचा घाम पुसला. "मग आता परत ठरवायला हवं," त्या म्हणाल्या. "वर झालेल्या जोत्यांवर आणखी दीड हात चढवायचा तर पाण्याच्या आधी तेवढंच होईल. खालच्या टोकाला यंदा हात लागणार नाही. नाहीतर आहे याच उंचीला सगळ्यांची होतील. दोन्ही होणार नाही."

त्यावर जे भांडण पेटलं ते चरानं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. हाशेम तर हातघाईवर आला. "तसला पूर काय पाहुण्यासारखा दरसाल येतो? कमी तर कमी, पण सगळ्यांची करा! वरच्यांनी उंचावर बसायचं आणि आम्ही बेडकांसारखं पाण्यात?"

"आमच्या म्हाताऱ्या बुडाल्या की तू येशील का काढायला?" वरच्या टोकाचं कुणीतरी ओरडलं.

"या बाईला आजच बोलायचं सुचलं! महिनाभर कुठं होती?"

हा शेवटचा घाव मोर्जिनाला वर्मी लागला.

"मी बोलू का?" आकबर मातब्बर म्हणाले. ते अजून बांबूशेजारी ताठ उभे होते. "त्या वर्षी सखल भागातले बरेच वाचले. पाणी दिसलं तसे पळाले, नावा मिळाल्या त्यांना. मेले कोण? आमच्या शेजारचे. त्यांचं अंगण जरा उंच होतं. इथवर काही येत नाही म्हणून निजून राहिले. माझा भाऊ होता त्यांत." त्यांनी हातानं शेजारचा बांबू चाचपला. "अर्धं उंच जोतं करू नका. माणूस त्याच्या भरवशावर झोपतो. करायचं तर पुरतं करा, मग ते एकाच्याच दारात होऊ दे. बाकीच्यांनी वेळेवर उठून तिथं जावं."

म्हातारा भावाबद्दल कधी बोललाच नव्हता, तोफाज्जललासुद्धा ठाऊक नव्हतं. वाद लगेच थांबला नाही, पण त्याचा जोर गेला. शेवटी ठरलं ते असं: वरची जोती पुरती करायची, आणि प्रत्येकानं खालच्या टोकाचं एकेक घर पाणी उतरेपर्यंत आपल्याकडं घ्यायचं.

"मोर्जिनाचं बिऱ्हाड माझ्याकडं," मोयना सगळ्यांत आधी ओरडली. "दुसऱ्या कुणाला देऊ नका. रोज सकाळी उठून हिला बोलायची सोय होईल."

तोफाज्जलनं कुदळ अंगणात फेकली. "पोरीच्या अंगाखालची जमीन काढलीस तू," तो बायकोला म्हणाला, सगळ्यांसमोर. दोन दिवसांनी तो ढाक्याला रिक्षा ओढायला निघून गेला. जाताना बापाच्या पाया पडला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, बायकोकडं बघितलंही नाही. आणि मोर्जिना दुसऱ्या दिवशी परत पाटी घेऊन मोयनाच्या जोत्यावर माती टाकायला गेली.

आषाढाच्या मध्याला पाणी आलं. मोयनाच्या जोत्यावर मोयना, तिची आई, चार शेळ्या, मोर्जिना, म्हातारा, शेफाली, आणि मोर्जिनाच्या कोंबड्या असा संसार मांडला गेला. निजताना कूस बदलायची तर दुसऱ्याला सांगून बदलायला लागायची. श्रावण लागता लागता शेफाली तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. मोयनानं नाळ कापली आणि म्हणाली, "माझ्या घरात जन्मली, म्हणजे भांडकुदळ होणार. मोर्जिना, तुझी सोय झाली म्हातारपणाची."

पाणी घोट्याला आलं. पाणी गुडघ्याला आलं. आणि तिथंच थांबलं.

दिवसामागून दिवस गेले, ते गुडघ्याच्या वर चढेना. दीड हात चढवलेली ती जोती त्या उथळ पाण्यात उगाचच उभी होती; शेळ्या कडेला येऊन खाली बघायच्या आणि परत जायच्या. जुन्या बांबूच्या मापानं सगळ्यांची जोती झाली असती तर आज सगळा चर आपापल्या घरात कोरडा बसला असता. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि कुणी ते मोर्जिनाला ऐकवायचं सोडत नव्हतं. हाशेमची बायको परक्या घरात परक्या सासूच्या शिव्या खात होती. तिनं मोर्जिनाशी बोलणंच टाकलं. हाशेम लुंगी खोचून पाण्यातून जाताना मुद्दाम थांबायचा.

"मातब्बर चाचा, गळ्याला लागलं का पाणी? माझ्या तर गुडघ्यालाही गुदगुल्या होत नाहीत!"

म्हातारा ऐकून घ्यायचा. मोर्जिना रोज पाण्यातून चालत आपल्या घरी जाऊन यायची. तागाच्या काटक्यांच्या भिंती खालून सडत होत्या, चुलीचा चिखल झाला होता. तोफाज्जलचा फोन यायचा तो शेफालीच्या फोनवर. पाणी किती, विचारायचा. गुडघाभर, पोरगी सांगायची. मग शेफाली आईकडं न बघता फोन ठेवायची.

मोर्जिना जोत्याच्या उतारावर पाण्याच्या कडेला एक काडी खोचून ठेवायची. सकाळी उठली की आधी काडी बघायची. पाणी काडीपाशीच असायचं, कधी दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं.

त्या दिवशी ती बाळाची फडकी धुवायला खाली उतरली. आभाळ भरून आलं होतं. वरच्या अंगाला कुठंतरी मोठा पाऊस झाला असावा, नदीचा आवाज बदलला होता. ती फडकं पिळता पिळता काडीकडं बघत राहिली आणि तिच्या मनानं म्हटलं, ये. एकदा ये. हाशेमच्या कमरेला लाग, छातीला लाग, त्याची जीभ बंद कर. ढाक्याला कळू दे. तिला सगळं दिसत होतं: ती माणसं उतारावरून धडपडत वर येतायत आणि म्हणतायत, मोर्जिनामुळं वाचलो. तिला बरं वाटत होतं. अंगभर बरं वाटत होतं.

वर बाळ रडलं. नऊ दिवसांचं ते पोर, शेफाली अजून धड उभी राहत नव्हती, आणि तिची आई पाण्याला ये म्हणत होती. मोर्जिनाच्या हातातलं फडकं सुटून वाहून जायला लागलं. ती कमरेत वाकून त्याच्यामागं धावली, ते धरलं, आणि तशीच पाण्यात बसली. स्वतःची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या शुक्रवारी सगळ्यांसमोर नवरा बोलला तेव्हाही नाही.

ती उठून परत आली तेव्हा काडी कोरड्यात होती. चार बोटं तरी ओला चिखल उघडा पडला होता. पाणी उतरायला लागलं होतं.

"सुनबाई," वरून म्हाताऱ्यानं हाक मारली. तो नातीच्या लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. "पाणी कुठवर आलंय?"

त्याला काहीही सांगितलं असतं तरी खरं वाटलं असतं. मोयना शेळ्यांना पाला घालता घालता थांबून मोर्जिनाकडं बघत होती.

"गुडघ्याच्या खाली आहे, आब्बा. उतरतंय."

"अल्हमदुलिल्लाह," म्हातारा म्हणाला. मग चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला करून तो वाट बघत राहिला, तीही तसेच अल्लाचे आभार मानेल म्हणून.

मोर्जिनानं म्हटलं. ते तिचं तिलाच खोटं वाटलं, म्हणून तिनं परत म्हटलं.